दस्तकापासून पारपत्रापर्यंत

आमचें शहर दरवाजांचें. मलिक अंबरानें १६१० सालीं खडकी गांवाच्या जागीं तें वसविलें आणि मोंगलांवरील विजयाचें स्मारक म्हणून १६१२ सालीं भडकल दरवाजा उभारिला. पुढें औरंगजेबानें १६८२ च्या सुमारास शहराभोंवतीं तट घातला, आणि ‘बावन्न दरवाजांचें शहर’ अशी त्याची ख्याति झाली. २०२३ सालीं औरंगाबादचें छत्रपति संभाजीनगर झालें. दरवाजांचीं नांवें मात्र तींच राहिलीं. दिल्ली दरवाजा, पैठण दरवाजा, मक्का दरवाजा हीं नांवें पाहिलीं म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. येथील कित्येक दरवाजांस आंतल्या वस्तीचें नांव नसून बाहेर जाणाऱ्या वाटेचें नांव आहे. दरवाजा अडविण्यासाठीं असतो, तसा जाऊं देण्यासाठींहि असतो. आणि बांधणाऱ्याच्या मनांत यांपैकीं कोणता हेतु अधिक होता, हें पुष्कळदां त्याच्या नांवावरून समजतें.

या शहरांतील एकादें कुटुंब आज पंधरा दिवसांकरितां युरोप पाहावयास निघालें, तर त्यास किती दरवाजे लागतात तें पाहूं. प्रथम पारपत्र, म्हणजे पासपोर्ट. तें परतीच्या तारखेपुढें निदान तीन महिने चालणारें असलें पाहिजे. मग शेंगेन करारांतील राष्ट्रांचा व्हिसा. त्यासाठीं बँकेचा उतारा, प्राप्तिकराचीं विवरणें, नोकरीवरून रजा मिळाल्याचें पत्र, उतरण्याच्या जागेचा पुरावा, आणि निदान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा. शिवाय समक्ष जाऊन बोटांचे ठसे द्यावयाचे, आणि जून २०२४ पासून प्रत्येक प्रौढ माणसामागें ९० युरो शुल्क भरावयाचें. इतकें करून मिळावयाची ती जास्तींत जास्त परवानगी १८० दिवसांत ९० दिवसांची. कागदांचा हा ढीग जमवितांना घरांतील वडील माणूस सहजच विचारतें कीं, आपण सहलीस निघालों आहों कीं कोणाच्या जामिनावर सुटलों आहों? हा प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगा नाहीं, असें आम्हांस वाटतें. माणसानें वेस ओलांडतांना कागद दाखवावा, ही रीत केव्हां पडली? आणि तो कागद कोणाच्या सोयीसाठीं? प्रवाशाच्या, कीं त्यास अडविणाराच्या?

रीत जुनी आहे यांत संशय नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत ‘मुद्राध्यक्ष’ नांवाचा एक स्वतंत्र अधिकारीच सांगितला आहे. त्यानें एक माष घेऊन मुद्रा द्यावी. मुद्रा जवळ असेल त्यासच जनपदांत शिरण्याची किंवा तेथून बाहेर पडण्याची मुभा. मुद्रेवांचून फिरणाऱ्या देशवासी माणसास बारा पण दंड; खोटी मुद्रा बाळगणारास पूर्वसाहसदंड; आणि हाच अपराध परदेशी माणसानें केला तर उत्तमसाहसदंड, म्हणजे दंडाची सर्वांत वरची पायरी. शुल्क, तपासणी, बनावट कागदाची शिक्षा, देशी आणि परदेशी यांत भेद, हीं आजच्या व्यवस्थेचीं बहुतेक सर्व अंगें येथें आढळतात. हा कागद राज्याच्या सावधगिरींतून निघालेला आहे. प्रवाशाचें हित हा त्याचा मुख्य हेतु नव्हे.

परंतु कागदाचा दुसराहि एक वंश आहे, आणि त्याचें उत्तम उदाहरण आमच्याच प्रांतीं येऊन गेलेल्या एका पाहुण्याचें आहे. चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग हा इ. स. ६४१ च्या सुमारास पुलकेशीच्या महाराष्ट्रांत आला होता. या देशाच्या पूर्व सीमेवरील डोंगरांत कोरलेल्या ज्या विहाराचें त्यानें वर्णन केलें आहे, तो अजिंठाच असें अभ्यासक बहुधा मानतात. हा थोर प्रवासी स्वदेशांतून निघाला तो मात्र बेकायदेशीरपणें. त्या वेळीं तांग बादशहाची परदेशगमनास बंदी होती. ह्युएनत्संगानें मागितलेली परवानगी मिळाली नाहीं. तरी तो निघाला. सरहद्दीजवळच्या एका ठाण्यांत त्यास पकडण्याचा हुकूम येऊन पोंचला. तेथील ली चांग नांवाच्या अधिकाऱ्यानें तो हुकूम त्यास दाखविला, हा भिक्षु तूंच काय म्हणून विचारलें, आणि त्याचा हेतु ऐकून घेऊन हुकुमाचा कागद त्याच्यादेखतच फाडून टाकिला.

त्याच प्रवाशास पुढें गाओचांगच्या राजानें वाटेवरील चोवीस राज्यांच्या अधिपतींच्या नांवें चोवीस पत्रें दिलीं, आणि प्रत्येक पत्रासोबत रेशमी वस्त्राची भेट जोडिली. हा माझा माणूस आहे, यास वाट द्या, एवढाच त्यांचा मतलब. एका राजानें ज्यास अपराधी ठरविलें, त्याच माणसासाठीं दुसरा राजा शब्द टाकीत होता. ह्युएनत्संगाच्या प्रवासांत कागदाचे हे दोन्ही वंश समोरासमोर आलेले दिसतात: एक अडविणारा, दुसरा सांभाळणारा. पारपत्र हें या दोघांचेंहि अपत्य आहे. आजहि आपल्या पारपत्राच्या आरंभीं राष्ट्रपतींच्या नांवें परक्या अधिकाऱ्यांस विनंति केलेली असते कीं, या माणसास निर्वेध जाऊं द्यावें व लागेल तें साहाय्य करावें. गाओचांगच्या राजाचें पत्र तें हेंच. परंतु हें पुस्तक मिळविण्यासाठीं जी चौकशी होते, ती मुद्राध्यक्षाच्या वंशांतली.

मुसलमानी अमलांत आणि मराठेशाहींत या कागदास दस्तक म्हणत. शब्द फारसी, ‘दस्त’ म्हणजे हात, तेव्हां दस्तक म्हणजे धन्याचा छोटासा हातच प्रवाशाच्या पाठीवर. हिंदींत हाच शब्द दारावरच्या थापेस लावितात, ही योगायोगाची गोष्ट मोठी मार्मिक आहे. दस्तकाचा राजकारणांत केवढा उपयोग होतो, याचा दाखला १६६६ सालचा आहे. शिवाजी महाराज आग्र्यास जात असतां वाटेंत औरंगाबादेस आले. तेथील अधिकारी सफशिकनखान स्वतः सामोरा न येतां त्यानें आपल्या पुतण्यास पाठविलें. महाराजांनीं त्याच्या दरबाराकडे न वळतां थेट आपला मुक्काम गांठला. ही मानापमानाची गोष्ट झाली. पुढें आग्र्यास नजरकैद पडल्यावर महाराजांनीं बादशहाकडे आपल्या बरोबरच्या लोकांसाठीं दक्षिणेंत परत जाण्याचीं दस्तकें मागितलीं. शत्रूजवळचीं माणसें कमी होतात हें पाहून बादशहानें तीं आनंदानें दिलीं. अशा रीतीनें लोक राजरोसपणें परतले, आणि ज्याच्या नांवें दस्तक नव्हतें तो १७ ऑगस्ट रोजीं पहाऱ्यांतून निसटला. कागद देणारास वाटलें कीं आपण नियंत्रण चालवीत आहों. वस्तुतः तो दुसऱ्याच्याच मसलतीवर शिक्के मारीत होता. परवान्यांच्या इतिहासांत हा धडा वारंवार येतो.

समुद्रावर तर दस्तक म्हणजे सत्तेची उघड निशाणीच होती. सोळाव्या शतकाच्या आरंभापासून पोर्तुगीज आपलें ‘कार्ताझ’ घेतल्यावांचून अरबी समुद्रांत जहाज जाऊं देत नसत. मक्केस जाणारीं मोंगली जहाजेंहि त्यांतून सुटलीं नाहींत. त्या कागदावर मेरी आणि येशू यांचीं चित्रें असत. तो जवळ बाळगून यात्रेस जाणें धर्मास धरून होईल काय, असा वाद अकबराच्या दरबारीं मुल्लामौलवींत झाल्याचें बदाऊनी नमूद करितो. पुढें कान्होजी आंग्रे यांनीं कोंकणच्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी गलबतांस आपलें दस्तक घेणें भाग पाडलें, तेव्हां मुंबईकर इंग्रजांनीं त्यांस चांचे ठरविलें. पोर्तुगीजांनीं केलें तो कायदा, आणि आंग्र्यांनीं केली ती चांचेगिरी! वेस कोणाची, हें आधीं ठरल्यावांचून परवाना खरा कीं खोटा हें ठरत नाहीं, असा याचा अर्थ.

एकोणिसावें शतक मात्र या बाबतींत विलक्षण मोकळें होतें. ७ एप्रिल १८८३ रोजीं आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटींत बसल्या आणि ४ जून रोजीं न्यूयॉर्कास उतरल्या. अठरा वर्षांची एकटी ब्राह्मण स्त्री सातासमुद्रांपलीकडे वैद्यक शिकावयास जाते, याबद्दल तिला स्वकीयांनीं शेंकडों प्रश्न विचारले. जात जाईल त्याचें काय, धर्म राहील काय, पोषाखाचें कसें करणार, या प्रश्नांस तिनें सेरामपूर येथें भर सभेंत उत्तरें दिलीं. सरकारनें मात्र आजच्यासारखें पारपत्र वा व्हिसा कांहींच मागितलें नाहीं. पहिल्या महायुद्धापूर्वीं रशिया व तुर्कस्तान यांसारखीं राज्यें सोडलीं तर प्रवाशास बहुधा कोठेंच पारपत्र दाखवावें लागत नसे. तेव्हां दरवाजावर समाज उभा होता. सरकार तेथें आलेलें नव्हतें.

परंतु हें स्वातंत्र्य तिकिटाचे पैसे ज्याच्याजवळ होते त्याचें. त्याच शतकांत रत्नागिरी व सातारा या भागांतून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मराठी मजुरांची कथा निराळी आहे. त्यांच्या करारपत्रांवर आणि नोंदवहींत नांव, बापाचें नांव, गांव, जात, उंची, अंगावरील खूण हें सर्व टिपलेलें असे. पुढें पुढें त्यांचीं छायाचित्रेंहि घेण्यांत येऊं लागलीं, आणि मळ्याबाहेर पाऊल टाकावयाचें तर जवळ कागद बाळगावा लागे. त्या नोंदी मॉरिशसांत मोका येथील महात्मा गांधी संस्थेंत जपून ठेविलेल्या आहेत. ज्या खुणांवरून आज आपणां सर्वांस ओळखतात, त्या प्रथम या गरीब माणसांच्या अंगावर शोधल्या गेल्या. शिष्टांस त्या वेळीं ही गोष्ट जाणवली नाहीं. कारण कागद दुसऱ्याच्या गळ्यांत होता.

१९१४ सालीं महायुद्ध पेटलें आणि सर्वांच्याच गळ्यांत तो आला. महाराष्ट्रास त्याची जाणीव लोकमान्यांच्या प्रकरणीं झाली. होमरूलची मागणी इंग्लंडच्या जनतेपुढें मांडावी म्हणून टिळक, केळकर, खापर्डे, करंदीकर प्रभृति मंडळी १९१८ च्या मार्चअखेर निघाली. हिंदुस्थान सरकारनें पारपत्रें दिलेलीं होतीं. मंडळी मद्रासवरून कोलंबोपर्यंत पोंचली, आणि तेथें विलायतेच्या युद्धमंत्रिमंडळाचा हुकूम आला कीं, पारपत्रें रद्द. एवढा लोकनायक, पण एका तारेसरशीं त्यास मागें फिरावें लागलें. ह्युएनत्संगास भेटला तसा ली चांग कोलंबोस कोणी नव्हता. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत चिरोल यांच्यावरील अब्रूनुकसानीच्या दाव्यासाठीं टिळकांस जाऊं देण्यांत आलें, तें सुद्धां राजकीय चळवळ करणार नाहीं या अटीवर. ती अट युद्ध संपल्यावर सैल झाली. पुढें पॅरिसच्या शांततापरिषदेसाठीं राष्ट्रसभेनें त्यांस प्रतिनिधि निवडलें, तेव्हां फ्रान्सला जाण्याचें पारपत्र नाकारण्यांत आलें. वादांत ज्यास जिंकणें अवघड, त्यास वादाच्या जागीं पोंचूंच द्यावयाचें नाहीं, ही युक्ति राज्यकर्त्यांस या छोट्या पुस्तकानें दिली.

युद्ध संपलें, पण युद्धासाठीं बसविलेलें कुलूप कोणी काढिलें नाहीं. १९२० च्या ऑक्टोबरांत राष्ट्रसंघाच्या वतीनें पॅरिसला परिषद भरली. पुढें केव्हां तरी पारपत्राची अडचण अजिबात नाहींशी व्हावी अशी इच्छा तिनें प्रदर्शित केली, आणि तोंपर्यंतची सोय म्हणून बत्तीस पानांचा एक सर्वमान्य नमुना ठरविला. सोय शंभर वर्षांवर टिकली. इच्छा कागदावरच राहिली. त्याच वर्षीं हिंदुस्थानांत प्रवेशासाठीं पारपत्र आवश्यक करण्याचा अधिकार सरकारास देणारा कायदा झाला. तो पुस्तकांतून गेला तो २०२५ सालीं, नवा परदेशी नागरिकविषयक कायदा १ सप्टेंबरपासून अमलांत आल्यावर.

आमच्या शहराची गोष्ट तर याहून गुंतागुंतीची. औरंगाबाद निजामाच्या राज्यांत. म्हणून येथील माणूस विलायतेस निघाला तर पारपत्रावर तो ब्रिटिश प्रजाजन नव्हे, तर ‘ब्रिटिशांच्या संरक्षणांतील व्यक्ति’ ठरे. परदेश तर राहोच. मनमाडकडून रुळानें येतांना सुद्धां नाणें बदले, हाली सिक्का सुरू होई, आणि करोडगिरीचा नाका गांठोडीं सोडावयास लावी. पुण्यास भावाकडे चार दिवस जाऊन येणें हें एका राज्यांतून दुसऱ्यांत जाणें होतें, हें आजच्या तरुणांस सांगूनहि पटत नाहीं. सप्टेंबर १९४८ मध्यें हैदराबाद मुक्त झालें आणि ती वेस कालांतरानें पुसली गेली.

पण एक वेस पुसली जात असतां दुसरी कोरली जात होती. कराची हें १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यांतलेंच शहर. तेथील नामांकित शाळेस नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याचें नांव आहे, आणि फाळणीपूर्वीं तेथें मराठी वस्तीहि बरीच होती. मुंबईहून आगबोटींत बसावें आणि कराचीस उतरावें, कोणी कांहीं विचारीत नसे. १९४८ च्या जुलैंत पश्चिम पाकिस्तानांतून येणारांस परवाना लागूं लागला, आणि १५ ऑक्टोबर १९५२ पासून उभय देशांत पारपत्र व व्हिसा आवश्यक झाला. व्हिसावर गांवांचीं नांवें लिहिलेलीं असत. त्यांपलीकडे पाऊल टाकावयाचें नाहीं, आणि पोलिसांत हजेरी लावावयाची. कराचीहून इकडे आलेलीं मराठी कुटुंबें काय, किंवा मराठवाड्यांतून तिकडे गेलेलीं मुसलमान कुटुंबें काय, दोघांसहि जन्मगांव पाहणें हा परदेशप्रवास झाला. बहिणीच्या लग्नास जावयाचें तर त्याचा ‘हेतु’ अर्जांत लिहावा लागूं लागला. परदेश म्हणजे दूरचा देश, ही आपली समजूत या एका वर्षानें खोटी पाडली.

स्वतंत्र राष्ट्रांत तरी नागरिकाचा बाहेर जाण्याचा हक्क मानला गेला काय? आरंभीं नाहीं. पारपत्र देणें न देणें ही सरकारची मर्जी, अशीच समजूत होती. १० एप्रिल १९६७ रोजीं सतवंतसिंग सोहनी यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें तीन विरुद्ध दोन अशा मतांनीं निर्णय दिला कीं, परदेशीं जाण्याचा हक्क हा घटनेच्या एकविसाव्या कलमांतील व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे. कायद्यावांचून तो हिरावतां येत नाहीं. तेव्हां कुठें त्याच वर्षीं पारपत्राचा कायदा झाला. पुढें मनेका गांधी यांचें पारपत्र कारण न सांगतां जप्त झालें. त्या खटल्यांत २५ जानेवारी १९७८ रोजीं न्यायालयानें आणखी पुढें जाऊन सांगितलें कीं, नुसता कायदा असून भागत नाहीं, त्याची रीत न्याय्य व वाजवी असली पाहिजे. कोलंबोस टिळकांना जें मिळालें नाहीं, तें यांत मिळालें: कारण विचारण्याचा हक्क. २०१७ पासून टपालकचेऱ्यांतहि पारपत्राचीं केंद्रें निघूं लागलीं, आणि जिल्ह्याच्या गांवच्या माणसाची मुंबईची खेप वांचली. आपल्या घराच्या दाराची किल्ली अशा रीतीनें आपल्या हातीं आली.

राहिलें तें दुसऱ्याचें दार. तेथें आपला हक्क चालत नाहीं, विनंति चालते. आणि ती विनंति दिवसेंदिवस अवघड झाली. इंग्लंडास जाणाऱ्या भारतीयांस १९८६ पर्यंत आगाऊ व्हिसा लागत नसे. त्या वर्षीं तो लागूं झाला. अमेरिकेचा कायदा तर पाहुण्याच्या व्हिशासाठीं आलेला माणूस कायमचाच राहावयास येत आहे असें गृहीत धरितो, आणि तसें नाहीं हें सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर टाकितो. घरीं वडील माणसानें विचारलेल्या जामिनाच्या प्रश्नाचें मूळ हें. चोरी झालेली नसतां साव असल्याचा पुरावा द्यावयाचा. उलट नेपाळाशीं १९५० चा तह झाल्यापासून पारपत्रावांचून जातां येतें. मलेशियानें १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांस तीस दिवसांपर्यंत व्हिशावांचून येऊं देण्यास आरंभ केला. म्हणजे कडकपणा हा कांहीं निसर्गनियम नव्हे. धोरण बदलतें तसा कागदहि बदलतो.

येथें आपणांसहि एक गोष्ट स्वतःस विचारली पाहिजे. कारण आम्ही केवळ पाहुणे नाहीं, यजमानहि आहों. वेरूळ-अजिंठ्यास जपान, थायलंड, श्रीलंका येथून यात्रेकरू येतात. नोव्हेंबर २०१४ मध्यें ४३ देशांच्या प्रवाशांसाठीं घरबसल्या अर्ज करण्याची सोय निघाली, ती पुढें वाढत गेली. ही गोष्ट चांगली झाली. तरी येथील प्रत्येक उतारशाळेस परदेशी पाहुण्याची नोंद चोवीस तासांत सरकारास कळवावी लागते. आपल्या देशाचा व्हिसाहि सर्वांस सारख्या सहजतेनें मिळत नाहीं. दुसऱ्याच्या खिडकीपाशीं आपण जी वागणूक मागतों, ती आपल्या खिडकीपाशीं देतों काय? तेराशें-चौदाशें वर्षांपूर्वीं जो भिक्षु येथें येऊन गेला, तो आज अर्ज करावयास बसला तर स्वदेशाच्या परवानगीच्या रकान्यांत काय भरील, हा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

कागद नकोत, असें आमचें म्हणणें नाहीं. रोग, गुन्हेगार व हेर यांस वेशीवर अडविणें हें राज्याचें कर्तव्यच, आणि कौटिल्यास तें कळत होतें. म्हणणें एवढेंच कीं, नाकारतांना कारण सांगावें, त्यावर दाद मागण्याची जागा असावी, आणि कागद पाहणाऱ्यानें कागदामागचा माणूस पाहावा. शेंगेनच्या नियमांत कारण कळविण्याची व अपील करण्याची तरतूद आहे. ती सर्वत्र असण्यास काय हरकत आहे? पारपत्राच्या पहिल्या पानावरील विनंति आणि शेवटच्या शिक्क्यापर्यंतचा संशय यांतील अंतर जितकें कमी होईल, तितकें जग सुधारलें असें आम्ही समजूं.

भडकल दरवाजाखालून आज रात्रंदिवस वाहनें जातात. कोणी मुद्रा मागत नाहीं, कोणी दस्तक पाहत नाहीं. ज्यांनीं तो बांधला आणि ज्यांच्याविरुद्ध तो बांधला, त्या दोघांचींहि राज्यें गेलीं. दरवाजा राहिला, आणि तो अडवितो म्हणून नव्हे, तर त्याखालून जातां येतें म्हणून तो आम्हांस आपला वाटतो.